जकातनाक्यावरचे दोघे

द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या गेटपास खिडकीवर काम करणारा भाचा आणि नगरकडच्या मंडळीतून निवृत्त झालेले त्याचे पाळक मामा. लेंटचे दिवस, बाहेर कंटेनरची रांग.

भाचा : मामा, नोकरी सोडतो म्हणतो. गाडी लवकर सुटावी म्हणून ड्रायव्हर, एजंट कागदात नोट घालून देतात. आधी नाही म्हणायचो, मग चहापाणी समजून घेऊ लागलो. मागच्या रविवारी प्रभुभोजनाला उठलोच नाही.

मामा : सोडून करणार काय?

भाचा : केडगावला, मुक्ती मिशनला जाईन. १९०५ साली तिथं केवढं संजीवन झालं!

मामा : झालं खरं. पण दुसऱ्या दिवशी शेकडो मुलींचा स्वयंपाक चुकला नाही. आणि ते मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, तोवर बायबलच्या भाषांतराला जुंपलेल्या होत्या.

भाचा : पण पौलच सांगतो, पळ काढा. मत्तय जकातनाक्यावरून उठला तो उठलाच. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला.

मामा : टिळकांच्या पगारात लाच नव्हती रे. त्यांना ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसंघ उभा करायचा होता. मत्तयालाही पुढून हाक आली होती. तुला हाक आलीय, की धास्ती बसलीय?

भाचा : धास्ती. पण ती काय खोटी आहे?

मामा : खोटी नाही. तरी जक्कय बघ. तोही जकातीतलाच, यरीहोचा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला. नोकरी सोड म्हणाल्याचं लूक कुठं लिहीत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही जकातदारांना बजावलं ते एवढंच, की ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका.

भाचा : जक्कय चौपट परत करायला निघाला. मी कुणाला देऊ? ड्रायव्हर कुठले कुठले, गाडीचे नंबरही आठवत नाहीत. दानपेटीत टाकू?

मामा : दानपेटीत टाकून सुटू नकोस.

(पुढचं मामांनाही लगेच सुचलं नाही. पाळकाला सगळं तयार सुचावं, अशी माझी अपेक्षाही नाही.)

मामा : नोट नसलेला कागद खाली सरकवायचास ना?

भाचा : हो.

मामा : म्हणजे पैसे एकाचे गेले, वेळ दुसऱ्याचा. तो दुसरा आजही रांगेत उभा आहे. आलेल्या क्रमानं कागद काढ. तेवढी परतफेड तुझ्या हातात आहे.

भाचा : बाकीचे वाटा घेतात, मामा. माझं टेबल बदलतील.

मामा : बदललं तर मग सोड. ते सोडणं निराळं असेल.

मामांचं मला पटतं, पण पुरतं नाही. जक्कय श्रीमंत होता, लूकनंच तसं लिहिलंय. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कारकुनानं एकट्यानं सगळ्या खिडकीशी वैर का घ्यावं? तेव्हा गाडी लवकर सुटावी म्हणून कागदात नोट सरकवणाऱ्या एजंट मंडळींनो, ती सरकवू नका. तुमच्यातलेही काही जण रविवारी त्याच बाकांवर बसतात.