ओटीपी सांगणाऱ्याचा गुन्हा

ऑक्टोबर २०२० च्या पावसाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले काढणीला आलेले सोयाबीन रानातच कुजवले. पंचनामे झाले, सरकारी मदत जाहीर झाली. पीक विमा मात्र लाखो शेतकऱ्यांना मिळाला नाही. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पूर्वसूचना द्यायची अट होती आणि ती त्यांनी पाळली नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे. भर पावसात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, कित्येक घरांत ॲप चालेल असा फोनच नाही. या प्रश्नावर शेतकरी कोर्टात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, कंपनीने न दिल्यास राज्य सरकारने द्यावी, असा आदेश दिला. त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच.

मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि माझ्या मते हा निकाल आमच्या वर्गात शिकवायला हवा. कारण त्या प्रकरणात सर्व्हर कुणी फोडला नव्हता, पासवर्ड चोरीला गेला नव्हता, सॉफ्टवेअरने ७२ तास अगदी बरोबर मोजले असतील. तरीही साडेतीन लाख माणसे यंत्रणेच्या बाहेर फेकली गेली आणि दोष त्यांच्याच माथी मारला गेला. सुरक्षेच्या बाबतीत आपल्याकडे रोज हेच चालते. यंत्रणा बांधणारे अटी घालतात, त्या अटी पाळणे शक्य आहे की नाही ते बघत नाहीत, आणि काही बिघडले की शेवटच्या माणसाकडे बोट दाखवतात.

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य घ्या. बँक सांगते, पोलीस सांगतात, मध्यंतरी फोन लावला की रिंगच्या आधी तेच ऐकू यायचे. आता कळंब तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या सेवा केंद्रात जाऊन बसा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही पडताळायचे, म्हणजे त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी लागणार. नवरा चाकणला कंपनीत. केंद्रातला पोरगा म्हणतो, “मावशी, मालकाला फोन लावा.” मावशी फोन लावतात, “अहो, नंबर आला असंल बघा, सांगा लवकर.” चाकणच्या पाळीतून माणूस बाहेर येतो, सहा आकडे बायकोला वाचून दाखवतो, बायको ते केंद्रचालकाला सांगते, मागे रांगेतल्या दहाजणी ऐकतात.  सरकारने घालून दिलेली प्रक्रिया पूर्ण करायची तर सरकारचाच सल्ला मोडावा लागतो. ज्या बाईला नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचे हा प्रश्न तर आधी कुणाला सुचलाच नाही. त्याची सोय नंतर करावी लागली.

अशा शंभर वेळा ओटीपी सांगून ज्या माणसाची कामे झाली, त्याला एकशे एकाव्या वेळी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन येतो. त्यालाही तो आकडे सांगतो. आपण त्याला अडाणी म्हणतो. मला वाटते, तो शिकला आहे. यंत्रणेनेच त्याला शिकवले आहे की पलीकडचा माणूस ओटीपी मागतो आणि आपण तो द्यायचा असतो.

हे काही माझे नवे संशोधन नाही. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातली आठ तत्त्वे आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. आठवे तत्त्व असे की, संरक्षणाची पद्धत माणसाला सहज, सवयीने आणि बरोबर वापरता आली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीचे हे तत्त्व परीक्षेत दोन गुणांना येते आणि पेपर झाला की सगळे विसरतात. आमच्या पुस्तकातला हल्लेखोर नेहमी अनोळखी असतो, काळा हूड घातलेला, दूर कुठेतरी बसलेला. धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या हाती लोकांची सगळी माहिती आहे तो केंद्रचालक ओळखीचा, बहुधा गावातलाच असतो. आधार, पासबुक, सातबारा हे सगळे लोक त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात. अर्ध्या तालुक्याची कागदपत्रे एका फोनच्या गॅलरीत पडून असतात, आणि तो फोन दुरुस्तीला गेला तरी कुणाला काही वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्या गॅलरीची काळजी कोणत्या संस्थेने घ्यायची, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

नुकसान झाल्यावर काय होते तेही पाहू. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तसे चांगले आहे. बँकेचीही चूक नाही, ग्राहकाचीही नाही, दोष तिसरीकडेच आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचे ओझेही बँकेवर आहे. पण ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. फसवणुकीच्या बहुतेक तक्रारी याच एका वाक्यावर येऊन संपतात. ओटीपी दिला होता का? दिला होता. विषय संपला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि दोन दिवसांत जगभरातून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्याला सगळ्यांनी सायबर हल्ला म्हटले, आणि ते बरोबरच होते. तपास पथक नेमले गेले, पुढे आरोपींना शिक्षाही झाल्या. बँक फसली तर हल्ला आणि शेतकरी फसला तर निष्काळजीपणा, हा न्याय मला पटत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळी वाट धरली. फसवून पैसे पाठवायला लावले असतील, तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई पैसे पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकांनी निम्मी निम्मी द्यायची. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा असेल तर अपवाद आहे, पण तो सिद्ध करायचा बँकेने. खिशातून पैसे जायला लागले की बँकांना चोरांची खाती आपोआप दिसू लागतात, हा त्यामागचा हिशेब आहे आणि तो मला शहाणपणाचा वाटतो.

भरपाईच्या आधीचा उपाय म्हणजे केंद्रचालकासारख्या मध्यस्थाला यंत्रणेतच उघड मान्यता देणे. यावर एक आक्षेप रास्त आहे. मध्यस्थाला मान्यता दिली तर तो लुटणार नाही कशावरून? एक रुपयात पीक विमा होता तेव्हा केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये मिळायचे. राज्यात लाखो बोगस अर्ज निघाले, दुसऱ्याच्या आणि सरकारच्या जमिनींवरही विमे उतरवले गेले. हे खरे आहे. पण मध्यस्थ नाहीच असे धरून यंत्रणा बांधल्यानेच हे शक्य झाले. शेतकऱ्याच्या नावाने भरलेला अर्ज शेतकऱ्यानेच भरला असे कागदोपत्री दिसते. भरणारा हात कुणाचा, याची खूण शेतकऱ्याला दिसेल अशा जागी नसते.

कायद्यात मुखत्यारपत्र कधीपासून आहे. माझे अमुक एक काम अमुक माणूस करील, एवढेच आणि एवढ्याच दिवसांसाठी, असे लिहून देता येते. संगणकात हे करणे त्याहून सोपे आहे. केंद्रचालकाने स्वतःच्या ओळखीने आत शिरावे, त्याला त्या एका अर्जापुरताच अधिकार मिळावा, अर्जदाराच्या फोनवर मराठीत संदेश यावा की कोणत्या केंद्रातून, कोणत्या कामासाठी परवानगी मागितली आहे, आणि ती नंतर काढूनही घेता यावी. यातले तंत्र नवे नाही, मोठमोठ्या कंपन्या ते रोज वापरतात. अडते ते इच्छेपाशी. राज्याच्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे गावात फोन वाटून वापरला जातो हे सरकारला ठाऊक आहे. पेरा नोंदवताना जे मान्य, ते पैशाच्या व्यवहारात का अमान्य?

आमच्या वर्गात दरवर्षी चेहरा ओळखून हजेरी घेण्याचे प्रकल्प डझनाने होतात. त्या मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे: या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी उमरगा, परंडा, भूम, जिथले असाल तिथल्या सेवा केंद्रात एक दिवस बसा. कुणाचा फोन कुणाच्या हातात आहे, कोण कुणाला ओटीपी सांगते आहे, ते वहीत लिहून काढा, आणि त्या वहीवरून प्रकल्प करा.