वंशवाचक संज्ञा : अर्थ आणि औचित्य

एखाद्या मानवसमूहाला कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. अवमानकारक शब्द टाळावा, सभ्य शब्द वापरावा, एवढ्यावर तो संपावा अशी अपेक्षा असते. परंतु इंग्रजीतील वंशवाचक संज्ञांचा इतिहास पाहिला की ही अपेक्षा टिकत नाही. एका पिढीने प्रतिष्ठेने धारण केलेली ‘निग्रो’ ही संज्ञा पुढच्या पिढीला दास्याची खूण वाटते, तर पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘ब्लॅक’ हा शब्द अस्मितेचा उच्चार होतो. निर्दिष्ट समूह तोच असताना बदलते ते नेमके काय, हा अर्थविचाराचा प्रश्न आहे आणि तो नीतिविचारापासून वेगळा काढता येत नाही.

या संज्ञा वर्णनपर आहेत, असा त्यांचा दावा असतो. ‘व्हाइट’ म्हणजे गोरा, ‘ब्लॅक’ म्हणजे काळा. अभिधेच्या पातळीवर सारे स्वच्छ दिसते. हा दावा किती पोकळ आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढील दोन खटल्यांत उघड झाले. त्या देशात 1790 च्या कायद्यानुसार नागरिकत्व स्वीकारण्याचा अधिकार ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’पुरता होता, 1870 मध्ये तो आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळाला. 1922 मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना न्यायालयाने सांगितले की, ‘गोरा’ म्हणजे केवळ फिकट कांतीचा नव्हे, तर ‘कॉकेशियन’ वंशाचा. लगेच 1923 मध्ये पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंड न्यायालयापुढे आले. तत्कालीन मानववंशशास्त्र त्यांना कॉकेशियन मानत होते. तेव्हा त्याच न्यायालयाने भूमिका बदलली: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत जो गोरा नाही तो गोरा नव्हे. म्हणजे एकदा लोकव्यवहाराविरुद्ध शास्त्र प्रमाण आणि दुसऱ्यांदा शास्त्राविरुद्ध लोकव्यवहार प्रमाण. दोन्ही निर्णयांत स्थिर राहिली ती एकच गोष्ट, दार बंद ठेवण्याचा हेतू.

या खटल्यात भारतीय वाचकाला अस्वस्थ करणारी आणखी एक गोष्ट आहे. न्यायालयीन नोंदीत शीख थिंड यांचा उल्लेख ‘उच्चजातीय हिंदू’ असा आहे. 1920 ते 1940 च्या अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हे एका वंशाचे नाव होते. माणसाचा धर्म कोणता याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आणि थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद ‘गोरा’ या संज्ञेला आव्हान देणारा नव्हता. उच्च जातीने आपले आर्य रक्त शुद्ध राखले आहे, म्हणून त्या संज्ञेत आपल्याला जागा मिळावी, अशी ती मागणी होती. एका उतरंडीतील पायरीचा पुरावा देऊन दुसऱ्या उतरंडीत वरची पायरी मागितली गेली. संज्ञेचा अन्याय सहन करणाराही तिची रचना मान्य करू शकतो, हे येथे दिसते.

अशा संज्ञांना स्थिर वाच्यार्थ नाही, हे जनगणनेच्या तक्त्यांवरूनही कळते. 1890 च्या अमेरिकी जनगणनेत काळ्या रक्ताचा अंश मोजून चतुर्थांश आणि अष्टमांश अशी स्वतंत्र नावे दिली होती. पुढच्या जनगणनेत ती नाहीशी झाली. अमेरिकेत ‘कलर्ड’ हा सर्वच काळ्या लोकांचा निर्देश होता. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने त्याच शब्दाला गोरे आणि आफ्रिकी यांहून वेगळ्या समूहाचा अर्थ दिला. समुद्र ओलांडताच माणसाचा वंश बदलावा, अशी ही व्यवस्था.

मग या संज्ञा निरर्थक ठरवून टाकून द्याव्यात काय? येथे घाई करून चालणार नाही. निसर्गात ज्याला आधार नाही ते समाजात अस्तित्वात नसते, असे म्हणता येत नाही. ज्या शब्दाच्या आधारे कोणाला मतदान, विवाह वा निवारा नाकारला गेला, तो शब्द जीवशास्त्रदृष्ट्या पोकळ असला तरी त्याचा परिणाम खराच होता. वंशवाचक संज्ञा शरीराचे नव्हे, तर सत्तासंबंधातील स्थानाचे नाव असते. ती काढून टाकल्याने स्थान नाहीसे होत नाही. उलट अन्यायाकडे बोट दाखवण्याचे साधनच नाहीसे होते.

या पेचाची सर्वांत प्रगल्भ जाणीव डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या लेखनात आढळते. ‘निग्रो’ हे नाव टाकून द्यावे असे सुचवणाऱ्या एका तरुणाला 1928 मध्ये ‘द क्रायसिस’मधून उत्तर देताना, नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, असे त्यांनी बजावले. परंतु हेच डुबॉइस त्या शब्दाचे आद्याक्षर मोठे छापावे म्हणून वर्षानुवर्षे झगडत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते 1930 मध्ये मान्य केले. यात विसंगती भासते, पण ती नाही. नवे नाव ही जादू नव्हे, हे ते सांगत होते. मात्र इतर लोकसमूहांच्या नावांना व्याकरणाने दिलेली प्रतिष्ठा याच समूहाला का नाही, हाही त्यांचा प्रश्न होता. संघर्ष शब्दाच्या ध्वनीचा नव्हता, भाषेतील समान नागरिकत्वाचा होता.

पुढे 1966 मध्ये स्टोकली कार्मायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि 1988 मध्ये जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा पुरस्कार केला. पहिल्याने लादलेली व्यंजना उलटवली. दुसऱ्याने रंगाऐवजी भूमी आणि इतिहास यांना नावात स्थान दिले. दोन्हींत समान सूत्र एकच, नाव ठेवण्याचा अधिकार ज्याचे नाव त्याच्याकडे. औचित्याची ही पहिली कसोटी मानावी लागेल. पण समूह एकमुखी नसतो. 1909 मध्ये स्थापन झालेल्या प्रमुख हक्कसंघटनेच्या नावात ‘कलर्ड’ शब्द आजही आहे, कारण त्या नावात संघर्षाचा इतिहास आहे.

म्हणूनच दुसरी कसोटी संदर्भाची. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 च्या वॉशिंग्टनमधील भाषणात ‘निग्रो’ हाच शब्द वापरला. आज तो जुना झाला म्हणून त्यांच्या तोंडून काढता येणार नाही. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ची एक आवृत्ती 2011 मध्ये निघाली, तीत ‘निग्रो’च्या शिवीरूपाच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातला गेला. हेतू विद्यार्थ्यांना दुखावू नये असा होता. परंतु गुलामी ही कायद्याची अवस्था आहे आणि ती शिवी ही त्या अवस्थेमागची दृष्टी. कादंबरीच्या अखेरीस जिम मुक्त झालेला असतो. तो गुलाम राहत नाही, पण ती दृष्टी राहते. शब्द बदलताच ट्वेनने उभा केलेला आरोपच पुसला जातो. शिवी देणे आणि शिवी देणाऱ्या समाजाचे चित्र रेखाटणे यांतील भेद समीक्षेने सोडता कामा नये. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले, ते याच अर्थाने: योग्यता एकट्या शब्दात नसते, शब्द आणि स्थान यांच्या संबंधात असते.

मराठीला हा प्रश्न परका नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरोधकांना अर्पण केली. 1972 मधील दलित पँथरने नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ शब्दाला विरोध करून आंबेडकरांच्या पक्षाने सभात्याग केला, तेव्हाही वाद गोड आणि कडू शब्दांचा नव्हता. नाव कोणी ठेवायचे याचा होता. दयेने दिलेले नावही लादलेलेच असते.

मराठी अनुवादकापुढे म्हणून सोपा मार्ग नाही. ‘निग्रो’ सरसकट चालवले तर मूळ भाषेने टाकलेला अर्थ येथे जिवंत राहतो. ‘कृष्णवर्णीय’ सौम्य आहे, पण त्यातील ‘वर्ण’ चातुर्वर्ण्याची छाया घेऊन येतो आणि ‘ब्लॅक’मधील उद्धट अभिमान संस्कृताच्या शालीखाली झाकतो. ‘काळा’ हा शब्द तो अभिमान पेलू शकतो, मात्र वाक्याचा सूर सन्मानाचा असेल तरच. 2020 पासून अमेरिकी वृत्तसंस्थांनी ‘ब्लॅक’चे आद्याक्षर मोठे केले, देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. तेथे एका अक्षराने जे साधले, ते मराठीत क्रियापदाच्या आदरार्थी रूपाने आणि वाक्यातील दृष्टिकोनाने साधावे लागेल. शब्द निवडून ही जबाबदारी संपत नाही. तेथून ती सुरू होते.