अर्थिंगवरची घासाघीस

चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. मोटारींचे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे आले आणि त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथले कामगार आले. एका खोलीत चार-पाच जण राहतात. पाणी तापवायला बादलीत सोडलेला रॉड असतो, स्वयंपाकाला इंडक्शन, शिवाय पंखा आणि मोबाइलचे चार्जर. दोन दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशेबाने केलेल्या वायरिंगवर हा सगळा भार येतो. कधीतरी बोर्ड काळा पडतो, जळका वास येतो आणि इलेक्ट्रिशियनला फोन जातो.

तो येतो, पाहतो आणि खर्च सांगतो: नवी वायर, जास्त भाराला पुरवठा तोडणारा एमसीबी, गळतीला तोडणारी आरसीसीबी, अर्थिंग. यातले पहिले काय कापले जाते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. दिसणारी बटणे राहतात, जमिनीत पुरायचे अर्थिंग जाते. जळालेला पॉइंट बदलला जातो, दीड-दोन हजारांची आरसीसीबी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मागे पडते. इलेक्ट्रिशियनने हट्ट धरला तर मालक दुसऱ्याला बोलावतो, आणि तो दुसरा परवानाधारक असेलच असे नाही. काम सोडले तर रोजी बुडते आणि खोलीतला धोका जिथल्या तिथे राहतो. काम केले तर अर्धवट सुरक्षेवर आपला हात लागतो. हा पेच कारागिराच्या प्रामाणिकपणाचा म्हणून पाहिला जातो. खरे तर तो खर्चाच्या चुकीच्या वाटणीतून आला आहे.

कायद्यात संदिग्धता फारशी नाही. विद्युत अधिनियम २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम आधी २०१० मध्ये आणि मग नव्याने २०२३ मध्ये केले. त्यापूर्वी १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, अर्हताप्राप्त माणसाच्या देखरेखीखाली व्हावे; अर्थिंग असावे; अगदी लहान जोडण्या सोडल्यास गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबीसारखे साधन असावे; घरगुती वापरासाठी ते ३० मिलिअँपिअरला तुटावे, हे सगळे आताच्या विनियमांत आहे. नवे मीटर घेताना महावितरण ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. पण मीटर बसल्यानंतर त्याच मीटरवर सबमीटर लावून चार खोल्यांच्या दहा खोल्या होतात, पत्र्याची शेड वाढते, वायर लांबत जाते. या वाढलेल्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागणारे मग कोणी उरत नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये या पोकळीला आणखी एक बाजू आहे. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली, रुपीनगर या भागांत गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर कामगारांनी आयुष्यभराच्या बचतीतून घरे बांधली. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ मध्ये आला, तरी असंख्य घरे अनधिकृत राहिली. आधी अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराचा बोजा होता, आणि देहूरोडच्या लष्करी डेपोलगत बांधकामबंदीच्या रेड झोनची टांगती तलवार आहे. उद्या घर राहील की नाही याची ज्याला खात्री नाही, तो जमिनीत तांब्याची पट्टी पुरायला पैसे का घालेल? त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या जागी बसून हिशेब मांडला तर तो चुकीचा वाटत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतल्या पूर्णानगरमध्ये इलेक्ट्रिकल व हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून तिथेच राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या चौघांचा मृत्यू झाला. आगीचे कारण शॉर्टसर्किट असावे, असा प्राथमिक अंदाज होता. त्यानंतर महापालिकेने व्यावसायिक आस्थापनांचे अग्निसुरक्षा सर्वेक्षण हाती घेतले. शॉक लागून होणारे मृत्यू एकेकटे होतात, त्यामुळे त्यांची एवढीही दखल घेतली जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात १२ हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली.

या मृत्यूंमागचे विज्ञान ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. ‘एमसीबी आहे ना, मग झालं,’ असे त्याला वाटते. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून साधारण ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. माणूस दगावायला तो पुरेसा आहे. पण १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही, कारण एमसीबी जास्त भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो, माणूस नाही. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतला फरक मोजते आणि ३० मिलिअँपिअरची गळती दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंग नसले तरी ती काम करते, फक्त तेव्हा माणसाचा हात लागल्यावरच तिला गळती कळते. अर्थिंग असेल तर रॉडमधून किंवा गीझरमधून गळती सुरू होताच, कोणी हात लावण्याआधीच ती पडते.

म्हणूनच पैसे कमी असताना कामाचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. पहिल्या भेटीत आरसीसीबी, आणि वायरच्या जाडीला शोभेल एवढ्याच क्षमतेचा एमसीबी. एक चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणे म्हणजे आगीला मोकळीक देणे. तो बदलून कमी क्षमतेचा बसवायला खर्चही फारसा नाही. दुसऱ्या टप्प्यात अर्थिंग, तिसऱ्यात रॉड आणि इंडक्शनसाठी वेगळी जाड वायर. नवे पॉइंट, चकचकीत बटणे, भिंतीतली पट्टी हे सगळे शेवटी. ग्राहकाशी घासाघीस व्हायचीच असेल तर ती या शेवटच्या यादीवर व्हावी.

यावर अनुभवी कारागिरांचा एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवली की ती सारखी पडते. कुठे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असते, कुठे पावसाळ्यात भिंत ओली होऊन गळती होते. रात्री अकराला फोन येतो: ‘सारखी लाइट जाते, ते काढून टाका.’ मग कोणीतरी तिला बगल देऊन सरळ जोडणी करतो. पण ती पडते तेव्हा बहुतेक वेळा घरातला खरा दोषच दाखवत असते. तो शोधायला लागणाऱ्या दोन-तीन तासांची मजुरी कोणी देत नाही, ही अडचण आहे. पॉइंटमागे दर ठरवण्याच्या पद्धतीत तपासणीच्या श्रमाला किंमतच नाही. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडणारी मुले वायरिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर वापरायला शिकतात. पाचशे व्होल्टला किमान एक मेगाओहम रोध यायला हवा, हेही त्यांना माहीत असते. बाजारात त्या मोजणीचे पैसे मागितले की गिऱ्हाईक जाते.

तेव्हा पैसे कोणी द्यायचे? भाड्याच्या खोलीबाबत उत्तर अवघड नाही. जो दरमहा भाडे घेतो, त्याने. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी खासगी घरमालकांवर किमान दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून भाडेकरूला अहवाल देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे मालक तो खर्च भाड्यात चढवेल, ही भीती रास्त आहे. पण दोन हजारांची आरसीसीबी दहा वर्षे टिकली, तर महिन्याला वीस रुपयेही पडत नाहीत.

स्वतःच्या गुंठ्यावर राहणाऱ्या कामगाराचे तसे नाही. त्याला दोन हजार एकदम काढणे जड जाते. त्याच्यासाठी वाट आपणच आधी तयार केलेली आहे. उजाला योजनेत सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ४० रुपयांच्या खाली आली, आणि काही ठिकाणी ग्राहकांना ते पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडता आले. आरसीसीबीची किंमत तेवढी कोसळणार नाही, कारण ती नाजूक यंत्रणा आहे. तरीही महावितरणने पिंपरी, भोसरी आणि चाकण परिसरात ती घाऊक खरेदीने आणून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून, तपासणीच्या मजुरीसह पैसे बिलातून हप्त्याने घेतले, तर कारागिराला ग्राहकाच्या दारात सुरक्षेचा भाव करावा लागणार नाही. घर अधिकृत आहे की नाही, हा वाद महापालिकेने आपल्या जागी चालू ठेवावा. ज्या घराचे वीजबिल दरमहा घेतले जाते, त्या घराला ही सोय नाकारण्याचे कारण महावितरणकडे नाही.