पटाचा मध्य आणि अपरिग्रह

अपरिग्रहाविषयीची एक शंका फार जुनी आहे, आणि ती बहुधा प्रामाणिक माणसांनाच पडते. जो कशालाही आपले म्हणून धरून ठेवत नाही, त्याच्या हातून जगात भरीव असे काही घडणार कसे? साधूला अपरिग्रह शोभतो, कर्त्या माणसाला मात्र तो परवडत नाही, असे आपण व्यवहारात गृहीतच धरून चालतो. संस्था चालवायची तर जागा हवी, पद हवे, पैसा हवा. आणि ते टिकवायचे तर घट्ट धरून ठेवायला हवे. या समजुतीच्या मुळाशी मालकी आणि सामर्थ्य यांची गल्लत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, इतकेच नव्हे तर पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात, असे मला ठामपणे वाटते. हे तपासण्यासाठी मी बुद्धिबळाकडे वळतो, कारण आयुष्यातल्या यशापयशात नशीब, जन्म आणि योगायोग इतके मिसळलेले असतात की कशामुळे काय झाले ते वेगळे काढता येत नाही. पटावर मात्र फासा नाही, झाकलेले पान नाही. परिणामाचे मूळ एकेक चाल मागे जाऊन शोधता येते.

बुद्धिबळ शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात की पटाचा मध्य ताब्यात घे. मधल्या चार घरांना हे महत्त्व का, याचे उत्तर साध्या मोजणीत आहे. रिकाम्या पटावर कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरे मिळतात, मध्यातल्या घोड्याला आठ. कोपऱ्यातला उंट सात घरांवर मारा करतो, मध्यातला तेरा. वजिराची घरे एकवीसवरून सत्तावीस होतात. म्हणजे त्या घरांत साठवलेले धन असे काही नाही. तिथून चहूकडे पोहोचता येते, एवढेच त्यांचे मोल. गावच्या चौकाला महत्त्व येते ते तिथे वाटा एकत्र येतात म्हणून. चौकातच कोणी घर बांधले तर चौक उरत नाही. हत्तीची गोष्ट याहून बोलकी आहे. रिकाम्या पटावर तो कुठेही उभा असो, त्याच्या माऱ्यात चौदाच घरे येतात. पण डावाच्या आरंभी त्याला एकही घर मिळत नाही, कारण आपल्याच सोंगट्या त्याच्या वाटेत उभ्या असतात. हत्तीचा मध्याशी संबंध जुळतो तो वाट मोकळी झाल्यावर, आणि वाट मोकळी करायची तर मध्यातले आपले काहीतरी सोडावे लागते.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेल्या एका डावात. एकीकडे न्यू ऑर्लिन्सचा एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी, दुसरीकडे ब्रन्सविकचे ड्यूक कार्ल आणि काउंट इझुआर हे दोघे, एकमेकांशी सल्लामसलत करून खेळणारे. मॉर्फीने पांढऱ्या सोंगट्यांनी सतराव्या चालीला मात केली. तिसऱ्या चालीला त्याने वजिरापुढचे प्यादे मध्यात आणले आणि चौथ्या चालीला त्याच प्याद्याने काळ्याचे प्यादे मारले. पाचव्या चालीअखेर मध्यात पांढऱ्याचे एक आणि काळ्याचे एक अशी दोनच प्यादी समोरासमोर उरली, आणि ती मात होईपर्यंत जागची हलली नाहीत. मधल्या चार घरांत कोणाचे किती, असा हिशेब केला तर शेवटपर्यंत दोघे बरोबरीत होते. तरीही मध्य निर्विवादपणे मॉर्फीचा होता, कारण त्याने दिलेल्या प्याद्यामुळे वजिराची उभी पट्टी मोकळी झाली आणि त्या वाटेचा खरा लाभ त्याच्याच सोंगट्यांना झाला. बाराव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला आणि पहिला हत्ती त्या पट्टीवर आला. तेराव्या चालीला तो हत्ती कामी आला, चौदाव्याला दुसऱ्याने त्याची जागा घेतली, आणि सोळाव्या चालीला वजिराचा बळी देऊन त्याच दुसऱ्या हत्तीने मात केली.

मात झाली तेव्हाची शिल्लक पाहण्यासारखी आहे. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट आणि घोडा होता; मॉर्फीकडे प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंट. संपत्तीने काळा कितीतरी पुढे होता. पण त्याचा राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती डावभर जागचे हललेच नाहीत. जे आहे पण कामाला येत नाही, ते पटावर असून नसल्यासारखेच. मॉर्फीच्या बाजूला घरात बसून राहिलेले एकही मोठे मोहरे नव्हते. याच डावात आठव्या चालीला त्याला एक प्यादे फुकट मिळत होते. ते घेतले असते तर काळ्याने शह देऊन वजिरांची अदलाबदल करून घेतली असती आणि पांढरा एका प्याद्याने पुढे राहिला असता. मॉर्फीने प्यादे सोडले आणि दुसरा घोडा बाहेर काढला. मिळकत वाढवण्याऐवजी त्याने सोंगट्यांना काम मिळवून दिले.

यावर पहिला आक्षेप असा की प्रतिस्पर्धी कच्चे होते. त्यांच्या चुका म्हणजे मॉर्फीच्या तत्त्वाचा पुरावा नव्हे. ते कच्चे होते हे खरे आहे, आणि ते प्यादे घेऊनही मॉर्फी जिंकला असता हेही खरे. पण माझा दावा हा डाव थोर होता की नाही यावर उभा नाही. चूक कोणाच्याही हातून होते. तिचा लाभ मात्र ज्याच्या वाटा मोकळ्या आहेत त्यालाच उठवता येतो. शिवाय बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोरही हेच दिसले आहे. प्याद्यांनी मध्य प्रत्यक्ष व्यापावा, हा टॅराशसारख्या बुद्धिबळातल्या आचार्यांचा आग्रह होता. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाविरुद्ध कितीतरी चालींपर्यंत मधल्या चार घरांत एकही प्यादे ठेवले नाही. दोन्ही उंट कडेला, लांब कर्णांवर बसवून त्याने दुरूनच मध्यावर नजर ठेवली आणि डाव जिंकला. कापाब्लांका आठ वर्षांत प्रथमच हरला होता. यावरून मध्य व्यापूच नये असे ठरत नाही. मॉर्फीचेही एक प्यादे तिथे होतेच. ठरते ते एवढेच, की व्यापणे हे पोहोचण्याचे साधन आहे, आणि साधनालाच साध्य मानले की डाव अडतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मॉर्फीने वजीर दिला तो जिंकण्यासाठी. फळावर डोळा ठेवून केलेला त्याग हा त्याग कसला? तो तर चतुर व्यापार झाला, त्याला अपरिग्रहाचे नाव देणे म्हणजे धर्मविचाराची थट्टा. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पट नीती शिकवत नाही. तिथे एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजयच असतो, आणि माणसांचे जग तसे असता कामा नये. पण मी पटाकडे नीतीचे प्रमाण मागायला गेलोच नव्हतो. मला एका भीतीचे उत्तर हवे होते: हातातले सोडले की हात दुबळे होतात, ही ती भीती. पट दाखवून देतो की ती निराधार आहे. सोडावे का आणि कोणासाठी सोडावे, हे ठरवायला धर्मविचाराकडेच जावे लागते.

तिथे गेल्यावर दिसते की आपल्या परंपरेने ही गाठ फार पूर्वीच सोडवली आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केलेली नाही, आसक्तीने केली आहे. त्या दृष्टीने थोडक्या वस्तूंचा धनीही परिग्रही असू शकतो आणि मोठा कारभार सांभाळणारा त्यातून सुटलेला असू शकतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’चा सारा भर याच मुद्द्यावर आहे: सोडायची ती फळाची आसक्ती, कर्म नव्हे, आणि ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहावे. या सिद्धांताकडे लोक आदर्श म्हणून आदराने पाहतात आणि अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवतात. अव्यवहार्य म्हणताना आपण तीच गल्लत करतो: मालकी गेली की कर्तृत्वही गेले, असे धरून चालतो.

म्हणून संस्थेच्या, घराच्या किंवा समाजाच्या मध्यावर असलेल्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न ‘माझ्याकडे किती आहे’ हा नाही. माझ्या इथे असण्याने कोणाच्या वाटा मोकळ्या होतात आणि कोणाच्या अडतात, हा आहे. वडिलांनी मुलांच्या हाती कारभार न देणे, संस्थापकाने खुर्ची न सोडणे, विद्वानाने विद्या राखून ठेवणे, या साऱ्यांत मध्य व्यापलेला असतो आणि तरीही हातचा गेलेला असतो. उलट जो वेळीच बाजूला होतो त्याचे काम इतरांच्या हातून पुढे चालू राहते. अपरिग्रह हा कर्त्या माणसाला न परवडणारा अलंकार नसून त्याच्या कर्तृत्वाची अट आहे. ज्याला मोठे काम करायचे आहे, त्याने ती आधी पाळायला हवी.