‘तिने स्वतःच मान्य केले होते’

दर वर्षी दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आपल्या नाताळच्या फराळात त्यांच्या हातची साखर असते. २०१९ साली या स्त्रियांविषयीची एक बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. शासनाच्या पाहणीत तोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘तिच्यावर कोणी जबरदस्ती केली का? अंगठा तर तिनेच दिला.’ प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादम या जोडीला उचल देतो. ती आजारपणात, लग्नकार्यात, पावसाळ्याच्या बेकारीत संपते. मग ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो, पैसे कापले जातात. शेताकडेला कोपी, संडास नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घ्याव्याच लागतात. ओटीपोट दुखू लागते, अंगावर पांढरे जाते, पण दवाखान्यात जायचे म्हणजे पुन्हा खाडा. शेवटी कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. खर्चासाठी नवे कर्ज, ते फेडायला पुढच्या वर्षीची उचल. ऑपरेशननंतर कंबर, सांधे दुखतात, पण कोयता सुटत नाही. पैसा कमी पडला की पहिली कात्री लागते ती ताटाला, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारी तीच. मुले बरोबर नेली तर गावच्या अंगणवाडीतला आहार आणि शाळेतली खिचडी मागे राहते. अंगठा एकीचा, पण किंमत सारे घर मोजते.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला होता. मजूर आणि मालक यांचा करार राजीखुशीने झाला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजूर कठोर अटी मान्य करतो, तेव्हा तो बळजबरीचाच बळी असतो. दिल्लीतील एशियाड बांधकामाच्या मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली भुकेची सक्ती ही सक्तीच मानली. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे म्हणजे वेठबिगार, असे न्यायालयाने सांगितले.

मग गरिबाच्या कुठल्याच होकाराला अर्थ नाही, असे म्हणायचे काय? तसे म्हणणे हा त्याचा अपमान होईल. तोडणीला जाणाऱ्या बायका हिशेबात कच्च्या नसतात. पण ‘नाही’ म्हटल्यावरही संध्याकाळी चूल पेटणार असेल, तरच ‘हो’ला वजन येते. तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणी ठेवली होती?

बीड आपल्याला लांब वाटते. ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्या तर जवळच आहेत. तिथे कातकरी कुटुंबे आगाऊ पैसे घेऊन येतात, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात आणि हिशेब होतो पावसाच्या तोंडावर, मालकाच्या वहीतून. आपल्यापैकी कित्येकांची घरे या विटांनी बांधलेली आहेत. विटांचा भाव आपण घासाघीस करून ठरवला होता. खर्ची किती मिळते, हे तेव्हा कोणी विचारले नव्हते.