कोशकारास काय म्हणावे?

कुंभकोणाजवळ कावेरीच्या परिसरात तिरुविसनल्लूर हे लहानसे गाव आहे. तंजावरचे शहाजीराजे भोसले यांनी १६९३ साली ते ४६ पंडितांना अग्रहार दिले आणि त्यास ‘शाहजीराजपुरम्’ असे नाव मिळाले. आज लोकांच्या तोंडी आहे ते तिरुविसनल्लूरच. नाव देणे राजाच्या हाती असते. ते रुजविणे लोकांच्या.

याच शहाजीराजांच्या नावावर ‘शब्दरत्नसमन्वय’ हा संस्कृत कोश आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून तो १९३२ साली छापला गेला. पंडितांनी गजबजलेल्या दरबारात राजाने एकट्याने शब्द वेचले असतील, असे मानणे कठीण. मग जे हात अशा कामी खपतात, त्यांना काय म्हणावे?

‘कोशकार’ हा शब्द तयारच आहे. पण संस्कृतात कोशकार म्हणजे रेशमाचा किडाही होय. किडा स्वतःच्या पोटातून धागा काढतो. शब्द वेचणाऱ्याजवळ स्वतःचे असे काहीच नसते. अमरसिंहाच्या ग्रंथाचे नाव ‘नामलिंगानुशासन’. त्यावरून ‘अनुशासक’ म्हणावे, तर तो भाषेचा अधिकारी ठरतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? ‘संग्राहक’ म्हणावे, तर त्याची पारख नाहीशी होते.

मला जुन्या दप्तरांतील ‘पोतदार’ अधिक योग्य वाटतो. पोतदार नाणे पाडीत नसे. रयतेकडून आलेले नाणे पारखून घेई. खोटे स्वीकारले तर सरकारचे नुकसान, खरे नाकारले तर रयतेवर अन्याय.

यावर कोणी म्हणेल, शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने झालेल्या राजव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तेथे कोशकारच टांकसाळ झाला. खरे आहे. परंतु त्यांतील कोणती नाणी चालली, हे पुढे बाजारानेच ठरविले. फारसी वळणाचा ‘पोतदार’ तर आडनावांत अजून नांदतो आहे.

खजिन्याची किल्ली कमरेस असली म्हणून खजिना आपला होत नाही, हे परमुलखात सरकारी चाकरी केलेल्यांस सांगावयास नको. कोशावर नाव राजाचे असो वा पंडिताचे. आतले धन ज्यांच्या तोंडून आले, त्या अनाम माणसांचे ऋण पहिल्याच पानावर नोंदविले पाहिजे. जो ते नोंदवील, त्यास कोणतेही नाव शोभेल.