चिठ्ठीचा न्याय

भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा पंच आधी होतील तितके सारखे हिस्से पाडतात आणि मग चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी उचलायला घरातलेच एखादे पाच-सहा वर्षांचे पोर पुढे करतात. त्याला ना विहिरीकडचा तुकडा कळतो, ना माळाकडचा. हे न कळणे हीच त्याची लायकी! थोरल्याचा मान, धाकट्याचे लाड, आईचा ओढा, यांतले काहीच त्या चिमुकल्या हाताला ठाऊक नसते. म्हणून त्याने उचललेली चिठ्ठी सगळे निमूटपणे मानतात.

जमिनीच्या बाबतीत हा न्याय आपल्याला पटतो. पण वाटायचे आहे ते शेत नसून औषध असेल, आणि हिस्सेदार मरणाच्या दारात पडलेली तरणीताठी माणसे असतील, तर? कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठीने ठरवणे हा न्याय म्हणायचा की निर्दयपणा? सणासुदीच्या अंकात दुखण्याबाण्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. धनत्रयोदशी ही धन्वंतरीचीही तिथी आहे. तेव्हा या दिवसांत वैद्यकाच्या नीतीचा विचार अगदीच अस्थानी ठरू नये.

हा प्रश्न १९४७ साली इंग्लंडात खरोखरच उभा राहिला. अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हाती लागले होते. क्षयाच्या जंतूला ते मारक ठरेल अशी मोठी आशा होती. पण महायुद्धाने ब्रिटनचा खजिना रिता झालेला. डॉलर मोजून औषध आणायचे ते मूठभरच येई. ते कोणाला द्यायचे हे तिथल्या वैद्यकीय संशोधन मंडळाला ठरवायचे होते.

मंडळाने जो विवेक दाखवला तो मला फार मोलाचा वाटतो. क्षय मेंदूच्या आवरणांत शिरला की रोगी जगत नसे. बळी बहुतेक लहान मुलांचा जाई. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात क्षयाचे जंतू दिसले, की पुढचे सगळे ठरल्यासारखेच होते. तेव्हा मेंदूच्या क्षयासाठी मंडळाने चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. तिथे औषध सरळ द्यायचे ठरले. एक जरी वाचला तरी ते औषधाचे यश, हे सांगायला तुलना कशाला हवी?

छातीच्या क्षयाची गोष्ट निराळी होती. त्यातून काही रोगी नुसत्या अंथरुणावरच्या विश्रांतीनेही उठत. मग औषध घेऊन उठलेला रोगी औषधाने उठला की विश्रांतीने, हे कसे ओळखावे? म्हणून दोन्ही फुप्फुसांत क्षय झपाट्याने पसरत असलेले, पंधरा ते तीस वर्षांच्या वयाचे १०७ रोगी निवडले. ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन. ५२ जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे नुसती विश्रांती. रोग्याला प्रयोगात घ्यायचे हे पक्के ठरल्यावरच त्याच्या नावचे बंद पाकीट उघडायचे आणि आतल्या चिठ्ठीत निघेल ते करायचे.

ही पाकिटांची योजना ज्यांनी आखली ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना स्वतःलाच फुप्फुसाचा क्षय जडला आणि ते स्वप्न सोडावे लागले. छातीच्या क्षयाने अंथरुणावर खिळणे म्हणजे काय हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तरीही निवड त्यांनी डॉक्टरांच्या दयेवर सोडली नाही. दया आंधळी नसते, हाच तिचा दोष. एक डॉक्टर जो वाचण्याजोगा दिसेल त्याला औषध देईल. दुसरा जिची आई दारात रडत उभी असेल तिला देईल. दोघेही भले; पण शेवटी औषधाने काय केले हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. एवढेच नव्हे, तर छातीची क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांनाही कोणते चित्र कोणत्या गटातल्या रोग्याचे हे कळू दिले नाही. मनाला जे दिसावेसे वाटते ते डोळ्यांना दिसते, हे हिल ओळखून होते.

सहा महिने गेले. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले. न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४.

हे आकडे वाचून आपण चडफडतो. त्या चौदा जणांचे काय चुकले होते? पण हा राग आज उत्तर हाती असल्यामुळे येतो. १९४७ साली ते कोणाच्याच हाती नव्हते. याच रोगावर युरोपात सोन्याच्या क्षारांची सुई टोचण्याची एके काळी मोठी चलती होती. अमेरिकेत तिची परीक्षा झाली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध झाली. बारा-बारा रोग्यांचे दोन सारखे गट पाडले आणि कोणत्या गटाला सोने द्यायचे हे नाणे उडवून ठरवले. दुसऱ्या गटाला नुसते शुद्ध पाणी टोचले. निष्पन्न काय झाले? सोन्याने गुण तर आला नाहीच, उलट विषाची बाधा मात्र झाली. तिथे पाणी ज्यांच्या वाट्याला आले तेच नशीबवान! कोणती चिठ्ठी भाग्याची, हे चिठ्ठी टाकणाऱ्याला खरोखर ठाऊक नसते. आणि ठाऊक नसेल तोवरच त्याला ती टाकण्याचा अधिकार आहे.

याउलट, चिठ्ठी न टाकता मनाच्या खात्रीवर चालले की काय होते ते मेंदूच्याच एका उपचारात दिसले. लिस्बन येथे १९३५ साली एगास मोनीझ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढल्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी वीस रुग्णांचा ताळा मांडला : ७ बरे, ७ सुधारलेले, ६ होते तसेच. शस्त्रक्रियेवाचून किती सुधारले असते, हा प्रश्न तसाच राहिला. तरी ही शस्त्रक्रिया देशोदेशी पसरली. हजारो मेंदूंवर हत्यार चालले. १९४१ साली अमेरिकेत रोझमेरी केनेडी या तेवीस वर्षांच्या मुलीवर ती झाली. पुढे तिचा भाऊ अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ती मात्र बोलणे-चालणे हरवून बसली आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत दुसऱ्यांच्या देखभालीवर जगली. मोनीझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांना खात्री होती, एवढेच. आणि न तपासलेल्या खात्रीइतके निर्दय दुसरे काही नसावे.

आपल्या देशालाही या चिठ्ठीने एक मोठे दान दिले आहे. क्षयाच्या रोग्याला आरोग्यधामात ठेवावे. चांगली हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती याखेरीज त्याला तरणोपाय नाही, अशी जगभर श्रद्धा होती. ज्यांना परवडे ते मिरज-पाचगणीची वाट धरीत. पण गरिबाने काय करावे? मद्रास येथे १९५६ साली एक संशोधन केंद्र निघाले. तिथे १९३ गरीब रोगी घेऊन चिठ्ठीनेच ठरवले की कोणी आरोग्यधामात जायचे आणि कोणी आपल्या दाटीवाटीच्या घरी राहायचे. औषधे दोघांना सारखीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष बाहेर आला : घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना लागण काही अधिक झाली नाही. ज्याला हवापालट परवडत नाही त्यालाही बरे होता येते, हे त्या चिठ्ठ्यांमुळे कळले. हळहळून किंवा वर्गणी गोळा करून ते कळले नसते.

येथवर माझा कौल चिठ्ठीच्या बाजूचा होता. पण वाटणीचा हाच दाखला देऊन मी नववीच्या वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ज्यांना औषध मिळालं नाही त्यांना चिठ्ठ्या टाकल्याचं माहीत होतं का?”

मी म्हणालो, “नाही. त्यांना सांगितलंच नव्हतं.”

“मग ते भावांसारखं कसं झालं, सर? वाटणीत भाऊ तर समोर बसलेले असतात.”

तिने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले होते. चिठ्ठीला न्याय म्हणायचे ते केवळ ती उचलणारा हात निष्पाप असतो म्हणून नव्हे. हिस्सेदार भोवती बसून तिला आधी ‘हो’ म्हणतात म्हणून. त्या ५२ जणांना तो ‘हो’ कोणी विचारला नाही. वैद्यकाला हे उमगायला वेळ लागला. १९६४ साली हेलसिंकी येथे जगातल्या डॉक्टरांच्या संघटनेने रोग्याच्या संमतीचा जाहीरनामा काढला. आज आपल्या देशातही नव्या औषधाच्या प्रयोगात रोग्याला सगळे समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. अर्थात कागदावर अंगठा उमटला म्हणजे समजले असे नव्हे. ज्याला “मला नको” म्हणायची भीती वाटते, त्याच्या ‘हो’ला काय किंमत?

तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे. “मला ठाऊक नाही” हे जो डॉक्टर स्वतःशी कबूल करतो तो प्रामाणिक; पण तेच जो रोग्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगतो, तोच चिठ्ठी टाकायला लायक. आणि असे सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला अडाणी न समजता त्याच्यापाशी दोन घटका बसण्याचे धैर्य आपल्यातही हवे.

हिशेबाची एक ओळ राहिली. ज्यांना औषध मिळाले त्या ५५ जणांतलेही निम्म्याहून अधिक पाच वर्षांत गेले. एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात, हे त्यांच्यामुळे कळले. म्हणूनच आज क्षयाच्या रोग्याला अनेक औषधे एकत्र देतात, आणि तो बहुधा बरा होतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण अपमृत्यू टळावा म्हणून दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावतो. ते १०७ जण आपल्या गोत्राचे नव्हेत, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. तरी त्या दिव्यातले थोडे तेल त्यांच्या वाटणीचे आहे असे मला वाटते.